सरपंच, सरकार आणि गांजाची दोन झाडे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा सरत आला होता, तुरी कमरेला लागल्या होत्या. आमच्या जानेफळच्या आसपासच्या एका लहान गावचे सरपंच सकाळीच माझ्या घरी आले. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत एक जाड पुस्तक. चहा पुढे आला, पण त्यांनी कपाला हात लावला नाही. पुस्तक माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "भाऊ, तुम्ही बी.ए. झालेले. हे वाचा आन् मले सांगा, मी गुन्हेगार ठरतो का नाही."

पुस्तक अमली पदार्थांच्या केंद्रीय कायद्याचे होते. प्रकरण असे, की त्यांच्या गावात वस्तीच्या बाहेर एक म्हातारा एकटा राहत होता. झोपडीमागे त्याने गांजाची दोन झाडे लावली होती. विकत नव्हता. स्वतःच्या चिलमीपुरता पाला-बोंड काढायचा. साऱ्या गावाला ठाऊक होते आणि साऱ्या गावाने डोळेझाक केली होती. पुढे बांधाच्या भांडणातून एकाने सरपंचांना दटावले, "तुम्ही कळवत नसाल तर मी कळवतो, आणि तुम्हाला माहीत होतं हेही सांगतो."

मी पाने उलटली. कलम ४७ सापडले. बेकायदा अफू, गांजा किंवा कोकाची लागवड झाल्याचे कळताच प्रत्येक सरकारी अधिकाऱ्याने, प्रत्येक पंचाने, सरपंचाने आणि गावकामगाराने पोलिसांना किंवा संबंधित खात्याला ताबडतोब कळवले पाहिजे. कसूर केल्यास तो शिक्षेस पात्र. 'सरपंच' हा शब्द दिल्लीत झालेल्या कायद्यात जसाच्या तसा बसलेला. मी वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे एवढ्या मोठ्या कायद्यात गावाले एवढंच काम ठेवलं. चुगलीचं."

त्यांचे ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. त्या दोन झाडांवर नक्की हुकूम कोणाचा, याचा शोध घेत मी मागे मागे गेलो आणि आपल्याच भागाचा एक विलक्षण इतिहास हाती लागला. तो आज सांगतो.

आमचे जानेफळ मेहकर तालुक्यात, म्हणजे बुलढाण्याच्या घाटावरच्या भागात. वऱ्हाड मूळ निजामाचा. १८५३च्या तहाने त्याने तो इंग्रजांच्या ताब्यात दिला. कंटिंजंट फौजेचा खर्च भागवण्यासाठी. पण दिला तो कारभारापुरता. मालकी निजामाची, अंमल इंग्रज रेसिडेंटाचा. त्यामुळे वऱ्हाड कागदोपत्री ब्रिटिश हिंदुस्थान नव्हता. कलकत्त्यात कायदा झाला म्हणून तो मेहकरात आपोआप लागू होत नसे; तो इथे लागू केल्याचा वेगळा हुकूम निघावा लागे. १९०२मध्ये लॉर्ड कर्झनने निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडून वर्षाला २५ लाख रुपयांवर हा मुलूख कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३मध्ये तो मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला.

मेहकरच्या दक्षिणेला मात्र खुद्द निजामाचे राज्य. आमचे जुने लोक त्याला 'मोगलाई' म्हणत. माझ्या आईचे वडील, आमचे नाना, म्हणायचे की, मोगलाईत गेले की नाणे बदलते, नाक्यावरचा शिपाई बदलतो, आणि चिलमीतला मालही बदलतो. तिकडे हाली सिक्का, करोडगिरीचे नाके आणि निजामाची स्वतःची अबकारी. इकडे रेसिडेंटाची. पश्चिमेला खानदेशात मुंबई इलाख्याचा १८७८चा अबकारी कायदा. एका दमाच्या बैलजोडीने दोन-तीन दिवसांत तीन राज्यांचे कायदे ओलांडता येत. झाड तेच. मातीही बहुतेक तीच, काळी.

नानांच्या काळी गांजा-भांग सरकारी परवान्याच्या दुकानात मिळे, हे आजच्या पोरांना सांगितले तर हसतात. पण तसेच होते. मध्य प्रांताचा गांजा निमाडात खंडव्याच्या बाजूला परवान्यावर पिकवला जाई. मुंबई इलाख्यात नगर जिल्हा त्याचे मोठे आगर. बंगालमध्ये राजशाहीकडचे नौगाव, जे आता बांगलादेशात आहे. माल सरकारी गोदामात जायचा, जकात भरून दुकानात यायचा. दुकानाचा लिलाव व्हायचा. सरकारला पैसा मिळायचा आणि सरकारच पुन्हा अहवालात लिहायचे की, रयतेचे व्यसन आटोक्यात ठेवण्यासाठी कर वाढवला.

१८९३ साली विलायतेत या गोष्टीवर गहजब झाला. डब्ल्यू. एस. केन नावाचे दारूबंदीवाले खासदार होते. त्यांनी पार्लमेंटात प्रश्न विचारला की, गांजाने हिंदुस्थानातील रयतेची काय दशा झाली आहे याची चौकशी होणार की नाही? त्यातून 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमले गेले. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सभासदांत तिघे हिंदी होते. कमिशन देशभर फिरले. लांबलचक प्रश्नावली पाठवली. १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले. त्यात कलेक्टर, सिव्हिल सर्जन, मिशनरी होते. तसेच वैद्य, हकीम, परवानेवाले, शेतकरी, साधू-फकीरही होते. साक्षींच्या खंडांत वऱ्हाडाचाही भाग आहे.

त्यांनी वेड्यांच्या इस्पितळांचे दप्तर तपासले, हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. दप्तरात शेकडो माणसांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून 'गांजा' असे लिहिलेले. कमिशनने एकेक प्रकरण उकरले तेव्हा कळले की, रोग्यासोबत जो कागद येई त्यात 'कारण' असा रकाना असे. रकाना रिकामा ठेवता येत नाही. पोलिसाला काही माहीत नसले आणि माणूस बैराग्यासारखा दिसला, की गांजा लिहून मोकळे. त्या आकड्यांवर वर्षानुवर्षे विलायतेत भाषणे झाली होती! रकाना भरायचा म्हणून भरलेल्या एका शब्दाने किती माणसे वेडी ठरली असतील, ते अल्लाच जाणे.

१८९४मध्ये अहवाल आला, सात खंडांचा. निष्कर्ष असा की, बेताने सेवन करणाऱ्यांना या पदार्थांनी म्हणण्यासारखी इजा होत नाही. अतिरेक मात्र घातक. सरसकट बंदी करू नका. लागवड परवान्याने ठराविक जागी आणा, कर ठेवा, दुकाने कमी करा, एका माणसाने किती बाळगावे याला मर्यादा घाला. बंदी केली तर लोक धोत्र्यासारख्या अधिक वाईट गोष्टींकडे वळतील आणि धर्माच्या बाबतीत सरकारने ढवळाढवळ केली म्हणून असंतोष होईल, ही भीतीही त्यांनी नोंदवली. आता हे राज्य परकी होते आणि त्याला महसूल हवा होता, हे विसरून कसे चालेल? तो अहवाल म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. तरीही, त्याआधी वा नंतर, या झाडाबद्दल इतक्या लोकांना कोणी काही विचारले असे मला दिसले नाही.

धर्माचे म्हणाल तर त्याचे उदाहरण आमच्या जिल्ह्यात शोधायला नको. कमिशन फिरत होते त्या वर्षांत शेगावात गजानन महाराज होते. १८७८मध्ये ते तिथे प्रकटले, १९१०मध्ये त्यांनी समाधी घेतली. त्यांच्या तसबिरीत हातात चिलीम असते, ती घरोघर पूजली जाते. दासगणूंच्या पोथीत काशीहून आलेल्या एका गोसाव्याची कथा आहे. त्याने महाराजांना गांजा अर्पण करण्याचा नवस केलेला असतो आणि इतक्या लोकांत ती गोष्ट बोलावी कशी, या संकोचात तो बसलेला असतो. महाराज त्याच्या मनातले ओळखतात. मी मुसलमान माणूस; पण ही कथा मी लहानपणी शेजारच्या काकूंच्या ओट्यावर पारायणात ऐकली आणि मला त्या गोसाव्याचा संकोचच लक्षात राहिला. आमच्याकडेही वेगळे नव्हते. नशा आमच्या धर्मात निषिद्ध, मौलवीसाहेब दर जुम्म्याला सांगत. आणि गावाबाहेरच्या तकियात फकीर चिलमीला साफी गुंडाळून दम मारत बसलेले असत. मौलवीसाहेबांच्या शब्दाला मान होता आणि फकिराच्या दुव्यालाही. मराठीत गांजणे म्हणजे छळणे. दोन्ही शब्दांचे मूळ एक नसेलही, पण तकियात येणारी माणसे बहुधा गांजलेलीच असत, हे मी पाहिले आहे.

यानंतर हुकूम करणारा हळूहळू दूर दूर जात राहिला. १९२४-२५मध्ये जिनिव्हाला अफूची परिषद भरली. तिथे इजिप्तचे प्रतिनिधी मोहम्मद अल गिंदी यांनी मागणी केली की, अफूबरोबर हशीशवरही निर्बंध आणा. परिषदेतल्या पुष्कळ देशांना हे झाड नीट ठाऊकही नव्हते. हिंदुस्थानच्या वतीने शंका काढण्यात आली की, आमच्याकडे हे रानात उगवते आणि रीतिरिवाजात मिसळलेले आहे, त्याचे काय? तरीही गांजा पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय करारात शिरला. इथे १९३०मध्ये 'डेंजरस ड्रग्ज अ‍ॅक्ट' झाला. आमच्याकडे मात्र दुकान चालूच होते, कारण मध्य प्रांताचा १९१५चा अबकारी कायदा आपल्या जागी होता.

स्वातंत्र्यानंतर घटनाकारांनी सातव्या परिशिष्टात याची वाटणी केली. अफू, गांजा यांच्यावरील अबकारी कर राज्याच्या यादीत. औषधे आणि विषे समवर्ती यादीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या. परदेशी करार पाळण्याचा अधिकार एकट्या केंद्राचा. एकच झाड तीन खिशांत! शिवाय अनुच्छेद ४७ मध्ये राज्याने मादक पदार्थांच्या बंदीसाठी झटावे, असे मार्गदर्शक तत्त्व.

१९५६च्या नोव्हेंबरात आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो. मोगलाईतला मराठवाडाही त्याच दिवशी आला. नानांची सरहद्द एका रात्रीत पुसली गेली. मुंबई राज्यात १९४९चा दारूबंदी अधिनियम होता. १९५९मध्ये तो विदर्भ-मराठवाड्यालाही लागू झाला. त्या कायद्याचे नाव दारूबंदी असले तरी त्यात 'मादक द्रव्य' या शब्दात गांजा, चरस आणि भांग, अगदी झाडाची पानेसुद्धा, येतात. परवान्याशिवाय आणणे, बाळगणे, सेवन करणे गुन्हा. नाना सांगायचे, दुकान मिटले तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांना पहिले काही दिवस खरेच वाटेना. ती येऊन बंद फळीसमोर बसत आणि उठून जात.

पुढची गंमत पहा. त्याच कायद्याखाली दारूला परमिट आले, परमिट रूम आले, देशी दारूची दुकाने आली. नाव दारूबंदीचे, आणि खजिन्यात सर्वांत मोठ्या आवकींपैकी एक दारूची. भांगेचे पान जिथे होते तिथेच राहिले.

१९६१मध्ये न्यूयॉर्कला अमली पदार्थांचा मोठा करार झाला. भारताने तिथे बराच झगडा केला आणि एक गोष्ट मिळवली. करारातील व्याख्येप्रमाणे 'कॅनाबिस' म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांशिवाय नुसती पाने आणि बिया त्यातून वगळल्या. म्हणजे भांग सुटली. बाकीच्या पारंपरिक सेवनाला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. करार १९६४ अखेर अमलात आला. मुदत १९८९ला संपणार होती. ती जवळ आली तेव्हा, १९८५मध्ये, संसदेने एनडीपीएस कायदा केला. १४ नोव्हेंबर १९८५पासून तो लागू झाला. त्यात गांजाची व्याख्या जवळपास करारातलीच आहे. फुलोरा म्हणजे गांजा. नुसते पान म्हणजे नाही. चरसावर बंदी लगेच आली. गांजाच्या बंदीची तारीख सरकारने मागाहून जाहीर करावी, अशी एक पळवाट म्हणा की सवलत म्हणा, कलम ८ मध्ये ठेवली गेली. कलम १० प्रमाणे गांजाच्या झाडाबाबत परवाने आणि नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे, औषधी व शास्त्रीय कामापुरता. कलम १४ प्रमाणे धागा आणि बियांसाठी लागवडीची मुभा देता येते; त्याच वाटेने उत्तराखंडाने २०१८मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीचा परवाना दिला.

आणि मग कलम ८१. माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. ते म्हणते की, एखाद्या राज्याच्या कायद्यात या कायद्यापेक्षा जादा निर्बंध किंवा जादा शिक्षा असेल तर ती अबाधित राहील. म्हणजे राज्याने केंद्रापेक्षा कडक व्हायला मोकळीक आहे, सौम्य व्हायला नाही. म्हणून काय होते? बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला जळगाव जामोदच्या पुढे सातपुडा ओलांडला की बऱ्हाणपूर, मध्य प्रदेश. त्या राज्यात भांगेची परवान्याची दुकाने चालत आली आहेत. उज्जैनला गेलेल्या भाविकांनी ती पाहिली असतील. उत्तर प्रदेशात, राजस्थानात तेच. केंद्राच्या कायद्याने ते पान गुन्हा नाही. तेच पान शिवरात्रीच्या प्रसादाला म्हणून कोणी डोंगर उतरून आमच्या बाजूला आणले, तर महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा. नानांची सरहद्द दक्षिणेला पुसली, ती उत्तरेला उगवली.

अमेरिकेत नेमके उलटे घडले. तिथे १९७०च्या केंद्रीय कायद्याने गांजा सर्वांत कडक यादीत टाकला. पण १९९६मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी कौल देऊन रोग्यांसाठी तो मोकळा केला. दोन आजारी बायका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २००५मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की, राज्याने परवानगी दिली तरी घरच्या कुंडीतल्या झाडापर्यंत केंद्राचा हात पोचतो. तरीही २०१२मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी मतदानाने सर्वांसाठी गांजा कायदेशीर केला. दुकाने उघडली, राज्याला कर मिळू लागला. आणि बँका केंद्राच्या भीतीने ते पैसे घेईनात, म्हणून दुकानदार नोटांच्या थैल्या घेऊन फिरू लागले. त्यात शहरांचा तिसरा सूर. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये रिव्हरसाइड शहराच्या बाजूने निकाल दिला की, राज्याने परवानगी दिली तरी आमच्या हद्दीत दुकान नको, असे शहर म्हणू शकते.

या भांडणाची मला असूया वाटते, हे कबूल करतो. गांजाची नाही. गावाला 'हो' किंवा 'नाही' म्हणता येते, याची. आपल्याकडे तसे काही नाहीच असे नव्हे. दारूच्या दुकानाबाबत आपल्या राज्यात मतदान होते. उभी बाटली, आडवी बाटली. निम्म्याहून अधिक बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. विदर्भातल्या किती गावांत बाया पहाटेपासून रांगेत उभ्या राहिल्या आहेत! वर्धा, गडचिरोलीत अख्ख्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ला आली आणि २०२१ला उठली. दारूच्या बाबतीत गाव, जिल्हा, राज्य सगळे बोलतात. गांजाच्या बाबतीत गावाच्या तोंडी फक्त कलम ४७ आहे.

कोणी म्हणेल, दोन झाडांसाठी एवढे काय? तर शिक्षा पहा. झाड लावले, मग ते एक असो की शंभर, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. तोडलेला माल असेल तर वजनावर. २००१च्या दुरुस्तीनंतर एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोंच्या वर व्यावसायिक. तिथे दहा ते वीस वर्षे, आणि जामीन मिळणे जवळपास अशक्य. कपाशीत किंवा तुरीत आंतरपीक घालून पैशासाठी गांजा लावणारे आहेत, त्यांच्यामागे शहरातले व्यापारी आहेत, मी त्यांची वकिली करणार नाही. पण छाप्यात हिरवी झाडे मुळ्या-मातीसकट, पानांसकट काट्यावर चढतात. आणि कायदा तर फक्त फुलोऱ्याला गांजा म्हणतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२मध्ये एका जामिनाच्या प्रकरणात हाच भेद दाखवला की, शेंड्यांशिवाय नुसती पाने-बिया गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत. ज्याला चांगला वकील मिळतो त्याला हे वेळेत सांगता येते. बाकीच्यांचे वजन काट्याने ठरवलेले.

२०२०च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजा १९६१च्या करारातील सर्वांत कडक यादीतून काढला. सत्तावीस विरुद्ध पंचवीस मते पडली. भारताने काढण्याच्या बाजूने मत दिले. ती बातमी मी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा आमचे सरपंच आठवले.

त्यांचे काय झाले ते सांगून थांबतो. त्या दिवशी मी त्यांना कायद्याप्रमाणे सांगितले की, तुम्हाला कळवावे लागेल. दुसरा सल्ला माझ्याजवळ नव्हता. ते म्हणाले, "मंग अर्ज तुम्हीच लिहून द्या." मी लिहून दिला. म्हाताऱ्याचे नाव, झोपडीची जागा, झाडे दोन. लिहिताना हात जड झाला होता, पण अक्षर चांगलेच आले. अर्ज घडी करून त्यांनी पिशवीत टाकला आणि वाटेत म्हाताऱ्याकडे जाऊन येतो म्हणाले.

चौथ्या दिवशी ते परत आले. झाडे तिथे नव्हती. मुळासकट उपटलेली, खड्डा बुजवलेला, वर राख पसरलेली. कोणी उपटली ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. म्हातारा सैलानीला निघून गेला होता, म्हणे महिनाभर तिकडेच राहणार. सरपंचांनी पिशवीतून माझा अर्ज काढून माझ्या हातावर ठेवला. सही झालेली होती. तारखेची जागा तेवढी कोरी होती.